विकायचा कुणाला, ठेवायचा कुणाला?

आपला संघ सारखा हरतोय. लाडका खेळाडू विकून चार कोवळी पोरं घ्यायची, की त्यालाच धरून बसायचं? शिकागोच्या बेसबॉलवेड्यांनी हा वाद पिढ्यान्‌ पिढ्या घातलाय. त्यात त्यांनी काय कमावलं, काय गमावलं, त्याची ही गोष्ट.

जुलै महिना उतरणीला लागला, की अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका प्रश्नाला ऊत येतो: विकायचा कुणाला, ठेवायचा कुणाला? लोकल गाडीत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, केस कापायच्या दुकानात, रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमात, रात्री घरी जेवणाच्या टेबलावर... जिथे दोन माणसं भेटतील तिथे हाच विषय. नवख्याला वाटावं, यांच्या घरची जुनी गाडी विकायची असेल. पण चर्चा असते माणसांची. बेसबॉल खेळणाऱ्या जित्याजागत्या माणसांची!

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. नोव्हेंबर २०२३मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला. पाठोपाठ रोहित शर्माचं कप्तानपदही त्याच्याकडे गेलं. तेव्हा मुंबईत घरोघरी काय रणं माजली, आठवतं ना? २०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर यजमान संघाच्याच कप्तानाची हुर्यो उडाली आणि मुंबईचा संघ दहा संघांत दहावा आला. गंमत म्हणजे त्याच वर्षी ४ जुलैला, टी-२० विश्वचषक जिंकून आलेल्या त्याच हार्दिकच्या नावाचा त्याच वानखेडेवर गजर झाला!

आपल्याकडे हे नवं आहे. बेसबॉलच्या देशात मात्र शंभराहून जास्त वर्षं खेळाडूंची अशी देवघेव चालू आहे. आणि शिकागो कब्स या संघाच्या चाहत्यांइतकं तिचं कडूगोड क्वचितच कुणी चाखलं असेल.

बाजाराची रीत

अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. मुख्य संघात एका वेळी २६ खेळाडू, त्यांना धरून राखीव यादीत ४० नावं, आणि त्याखाली लहान शहरांतल्या दुय्यम संघांत घडत असलेली शंभराहून जास्त पोरं. एकाला वर आणायचं तर दुसऱ्याला खाली पाठवावं लागतं, नाहीतर सोडावं लागतं.

संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, त्याला म्हणतात ट्रेड. मोसमातल्या ट्रेडची मुदत जुलैअखेरीच्या सुमारास संपते. पूर्वी ती १५ जूनला संपायची. या मुदतीच्या तोंडावर दोन तट पडतात. गुणतक्त्यात वर असलेले संघ गिऱ्हाईक होतात, तळाचे संघ दुकान मांडतात. ज्याचा करार संपत आलाय असा तयार, नावाजलेला खेळाडू तळाचा संघ देऊन टाकतो आणि बदल्यात घेतो दुय्यम संघातली दोन-तीन कोवळी पोरं. पिकलेला आंबा द्यायचा आणि कलमं घ्यायची, असाच हा व्यवहार. कलम लागेल की जळेल, कुणी सांगावं?

कधी कधी तर बदल्यात कोण द्यायचा, तेही नंतर ठरवू म्हणतात. १९६२मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने हॅरी चिटी नावाचा खेळाडू असाच उधारीवर घेतला. काही आठवड्यांनी उधारी फेडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी परत पाठवला तो... हॅरी चिटीच! बिचाऱ्याची स्वतःशीच अदलाबदल झाली.

साहजिकच चाहत्यांतही दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘यंदा तसंही काही हाती लागणार नाही. विका आणि पुढची बेगमी करा.’ दुसरा म्हणतो, ‘पुढची म्हणजे कधीची? तिकिटाचे पैसे मी आज मोजतोय. माझ्या पोराने ज्याच्या नावाचा शर्ट घातलाय त्यालाच तुम्ही विकणार?’ दोघांचंही चुकत नाही. म्हणून तर हा वाद कधी मिटत नाही.

एक जुनी जखम

कब्सच्या चाहत्यांना सावध व्हायला एक जुनी ठेच पुरेशी होती. १५ जून १९६४. मुदतीचा शेवटचा दिवस. कब्सने लू ब्रॉक हा २४ वर्षांचा फलंदाज शेजारच्या सेंट लुईस कार्डिनल्सला दिला. त्याच्याबरोबर आणखी दोघे गेले, तिघे आले. त्या तिघांतला मोठा मासा म्हणजे अर्नी ब्रॉलिओ. हा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. आदल्याच मोसमात त्याने १८ सामने जिंकून दिले होते. ब्रॉक तेव्हा चाचपडत होता. चार खेपांत जेमतेम एकदा त्याचा फटका लागायचा. शिकागोत कित्येकांना वाटलं, आपण सेंट लुईसला चांगलंच गंडवलं!

पुढे काय झालं? ब्रॉलिओचा कोपर दुखावलेला निघाला. कब्ससाठी त्याने ७ सामने जिंकले, १९ हरले आणि १९६६नंतर तो मेजर लीगमध्ये दिसलाच नाही. ब्रॉक मात्र सेंट लुईसला गेला आणि खुलला. त्याच वर्षी तो संघ वर्ल्ड सीरिज जिंकला. ब्रॉकच्या नावावर पुढे ३,०२३ हिट आणि ९३८ चोरलेले बेस जमा झाले. १९८५मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये विराजमान झाला. ‘ब्रॉक देऊन ब्रॉलिओ घेणं’ हा तिकडे वाक्प्रचारच झाला, आपल्याकडे हिरा देऊन गारगोटी घेणं म्हणतात तसा.

तेव्हापासून शिकागोत कुठल्याही ट्रेडची बातमी आली, की कुणीतरी म्हातारा मान हलवतो, ‘ब्रॉक आठवतोय ना?’

१०८ वर्षांची उधारी

आता तुम्ही म्हणाल, हार-जीत चालायचीच, एवढं जिवाला काय लावून घ्यायचं? पण कब्सचं दुखणं साधं नव्हतं. हा संघ वर्ल्ड सीरिज जिंकला तो १९०८ साली, म्हणजे लोकमान्य टिळकांना मंडालेची शिक्षा झाली त्या वर्षी! त्यानंतर नाहीच. १९४५मध्ये अंतिम फेरी गाठली, तर म्हणे एका गुत्तेवाल्याला त्याच्या बोकडासकट मैदानाबाहेर काढलं आणि त्याने शाप दिला. शाप खरा की खोटा ते सोडा. पण त्यानंतर सत्तर वर्षं हा संघ पुन्हा अंतिम फेरीसुद्धा पाहू शकला नाही, हे खरं.

आजोबा वाट पाहता पाहता गेले, मग वडील गेले. नातू मात्र त्याच रिग्ली फील्ड मैदानावर, वेलींनी मढलेल्या त्याच भिंतीकडे तोंड करून बसू लागला. अशा माणसाला ‘पुढच्या बेगमीसाठी यंदा हरू या’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

शंभर पराभवांची शाळा

ऑक्टोबर २०११मध्ये हे सांगायला एक माणूस आला, थिओ एपस्टीन. वय ३७. स्वतः कधी मेजर लीग न खेळलेला. पण बॉस्टन रेड सॉक्सचा ८६ वर्षांचा दुष्काळ २००४मध्ये संपला तो याच्याच कारभारात. त्या वर्षी ३१ जुलैला त्याने बॉस्टनचा गळ्यातला ताईत असलेला नोमार गार्सियापारा देऊन टाकला होता. कुणाला? शिकागो कब्सलाच! बॉस्टनमध्ये खळबळ उडाली आणि तीन महिन्यांत तिथे विजयाची मिरवणूक निघाली.

शिकागोत एपस्टीनने दुकान मांडलं. २०१२मध्ये कब्स १०१ सामने हरले. २०१३मध्ये ९६, २०१४मध्ये ८९. या काळात त्याने केलेले सौदे पाहा. जानेवारी २०१२मध्ये एक तरुण वेगवान पिचर देऊन त्याने अँथनी रिझो आणला. रिझो १८ वर्षांचा असताना कॅन्सरमधून उठलेला आणि २०११मध्ये मेजर लीगच्या पहिल्याच परीक्षेत सपशेल नापास झालेला. ३१ जुलै २०१२ला अनुभवी रायन डेम्पस्टर टेक्सासला गेला. बदल्यात आलेल्या दोघांत काइल हेंड्रिक्स नावाचा, चेंडूला फारसा वेग नसलेला, कुणाच्या खिजगणतीतही नसलेला पोरगा होता. जुलै २०१३मध्ये स्कॉट फेल्डमन देऊन जेक अरिएटा घेतला. बाल्टिमोरच्या संघाला नकोसा झालेला हा पिचर दर नऊ डावांमागे पाचाहून जास्त धावा देत होता.

चाहत्यांनी कपाळावर हात मारला. नावं गेली आणि आली कोण? रेडिओवर रोज भांडणं. एक पक्ष दुय्यम संघातल्या पोरांची नावं पाढ्यासारखी म्हणून दाखवायचा, दुसरा विचारायचा, ‘मग तिकिटं अर्ध्या दराने का नाही देत?’

यातली खोच अशी, की हरण्याला बक्षीसही होतं. जो संघ तळाला, त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत आधी हात घालायला मिळायचा. १०१ पराभवांच्या बदल्यात कब्सला २०१३मध्ये दुसऱ्या क्रमांकावर क्रिस ब्रायंट मिळाला. मुद्दाम हरण्याचा हा मोह कमी करण्यासाठी लीगने पुढे नियम बदलला. २०२३च्या निवडीपासून वरचे क्रमांक सोडतीने ठरतात.

जिंकण्याची किंमत

२०१६ उजाडलं आणि पारडं फिरलं. आता कब्स गिऱ्हाईक होते. २५ जुलैला त्यांनी न्यूयॉर्क यांकीजकडून अरोल्डिस चॅपमन घेतला. ताशी शंभर मैलांच्या पुढे चेंडू फेकणारा पिचर, तोही मोसमाच्या उरलेल्या काही महिन्यांपुरता. बदल्यात चौघे गेले. त्यातला १९ वर्षांचा ग्लेबर टोरेस हा दुय्यम संघातला सगळ्यात गुणी पोरगा.

पण या वेळी वाद टोरेसपुरता नव्हता. घरगुती हिंसाचाराच्या आरोपावरून लीगने चॅपमनवर त्या मोसमाच्या सुरुवातीला ३० सामन्यांची बंदी घातली होती. त्याच्यावर खटला झाला नव्हता; पण अनेक घरांत, विशेषतः बायकांत, अस्वस्थता होती. वर्षानुवर्षं ज्या शर्टावर प्रेम केलं, तो शर्ट याच्या अंगावर बघायचा? काहींनी एक वेगळाच मार्ग काढला. चॅपमनने सामना राखला की दर वेळी थोडे डॉलर घरगुती हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना द्यायचे! संघही सोडवत नव्हता आणि मनही गप्प बसत नव्हतं. आकडेमोडीत बसत नाही असंही काही ट्रेडमध्ये असतं, हे त्या उन्हाळ्यात शिकागोला कळलं.

ती रात्र

२ नोव्हेंबर २०१६. क्लीव्हलंड शहर. वर्ल्ड सीरिजचा सातवा आणि अखेरचा सामना. तो सुरू केला काइल हेंड्रिक्सने, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या त्या पोराने. त्या मोसमात दर नऊ डावांमागे २.१३ धावा, म्हणजे अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वांत कमी, त्यानेच दिल्या होत्या. दुसरा आणि सहावा सामना अरिएटाने जिंकून दिला होता. आठव्या डावात चॅपमनला होमरन बसला आणि सामना बरोबरीत आला. शिकागोत टीव्हीपुढे बसलेल्यांच्या पोटात गोळा आला. मग पाऊस आला आणि १७ मिनिटं खेळ थांबला. दहाव्या डावात कब्सने दोन धावा काढल्या. मध्यरात्र उलटून गेली होती. शेवटचा चेंडू फेकला जुलैमध्येच सिॲटलकडून ट्रेडमध्ये आलेल्या माइक माँटगोमेरीने. क्रिस ब्रायंटने तो उचलून फेकला आणि रिझोने झेलला. ८-७! रिझोने तो चेंडू लगेच मागच्या खिशात घातला.

पहिला चेंडू टाकणारा, शेवटचा टाकणारा आणि शेवटचा झेल घेणारा, तिघेही ट्रेडमधून आलेले!

पुढच्या काही दिवसांत रिग्ली फील्डच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोकांनी खडूने नावं लिहिली. खेळाडूंची नव्हे, हा दिवस न बघताच गेलेल्या आपल्या आजोबांची, वडलांची, आईची. हात पोचेल तिथवर भिंत नावांनी भरून गेली.

मग हिशेब जमला म्हणायचा? चॅपमन वर्ष संपायच्या आत यांकीजकडे परत गेला आणि टोरेसही तिथे नावारूपाला आला. म्हणजे यांकीजला दोघेही मिळाले. तरीही ‘तो सौदा नको होता’ असं म्हणणारा कब्सचा चाहता शोधूनच काढावा लागेल. चॅपमनला टाळ्या देताना ज्यांचा हात जड झाला, त्यांचा प्रश्न मात्र त्या विजयानेही पुसला गेला नाही.

आणि हेच औषध सगळ्यांना लागू पडतं असंही नाही. शिकागोतच दुसरा संघ आहे, व्हाइट सॉक्स. डिसेंबर २०१६मध्ये त्यांनीही दुकान मांडलं. आपला सर्वोत्तम पिचर ख्रिस सेल बॉस्टनला दिला, तरुण पोरं गोळा केली. २०२० आणि २०२१मध्ये बाद फेरी गाठली, पण दोन्ही वेळा पहिल्याच टप्प्यावर घरी परतले. सेलने मात्र २०१८ची वर्ल्ड सीरिज बॉस्टनसाठी जिंकली. आणि २०२४मध्ये व्हाइट सॉक्स १६२पैकी १२१ सामने हरले. १९००नंतर एका मोसमात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते.

माल की माणूस?

या सगळ्या वादात एकाचं मत कुणी विचारत नाही, ज्याला विकायचं त्याचं! ४ ऑगस्ट १९८२ला जोएल यंगब्लड मेट्स संघातर्फे रिग्ली फील्डवर दुपारी खेळत होता. सामना चालू असतानाच निरोप आला, तुला मॉन्ट्रियलच्या संघाला दिलंय. तो विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि रात्री नव्या संघातर्फे मैदानात उतरला. एका दिवसात दोन शहरांत दोन संघांसाठी हिट मारणारा खेळाडू म्हणून त्याचं नाव झालं. ऐकायला मौज वाटते. पण घर, बिऱ्हाड, मुलांची शाळा? ती मागाहून बघायची.

कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने याविरुद्ध बंड केलं. १९६९मध्ये सेंट लुईसने बारा मोसमांनंतर त्याला फिलाडेल्फियाला दिलं. त्याने जायचं नाकारलं. मी कुणाच्या मालकीची वस्तू नाही, असं लीगच्या आयुक्तांना कळवलं आणि कोर्टात गेला. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याची कारकीर्द तेव्हा संपलेलीच होती. पण खेळाडूंची संघटना जागी झाली. दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला ट्रेड नाकारायचा हक्क मिळाला. तो पहिल्यांदा बजावला १९७३मध्ये कब्सच्याच रॉन सँटोने. २०१२मध्ये टेक्सासला जाण्याआधी डेम्पस्टरने अटलांटाला जायला नकार दिला, तोही याच हक्काच्या जोरावर. म्हणजे फ्लडची लढाई झाली नसती, तर हेंड्रिक्स कदाचित शिकागोत आलाच नसता!

आणि २९ जुलै २०१५ची ती न्यूयॉर्कची रात्र. मेट्सच्या विल्मर फ्लोरेसचा ट्रेड झाल्याची बातमी सामना चालू असताना प्रेक्षकांच्या मोबाइलवर आली. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आपला निरोप होतोय हे त्याला प्रेक्षकांकडूनच समजलं. सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून या संघात आलेला तो २३ वर्षांचा मुलगा मैदानावरच डोळे पुसू लागला. तो सौदा शेवटी फिसकटला. दोन दिवसांनी त्याच मैदानावर बाराव्या डावात फ्लोरेसने होमरन मारून सामना जिंकला! त्याला विका म्हणून रोज ओरडणारेही त्या रात्री उभे होते.

पुन्हा तोच जुलै

कब्सची कहाणी २०१६ला संपली असती तर बरं झालं असतं. पण २०२१मध्ये संघ पुन्हा घसरला, सलग ११ सामने हरला. २९ आणि ३० जुलैला कब्सने रिझो, ब्रायंट आणि हावियेर बाएझ, तिघांनाही दिलं. ज्यांनी शंभर वर्षांची उधारी फेडली, ते दोन दिवसांत तीन संघांत विखुरले. लोक चिडले, रडले.

बाएझच्या बदल्यात आला पीट क्रो-आर्मस्ट्राँग. १९ वर्षांचा, खांदा दुखावलेला, व्यावसायिक सामने खेळला होता फक्त सहा. २०२५मध्ये याच मुलाने ३१ होमरन मारले, ३५ बेस चोरले आणि कब्स २०२०नंतर पहिल्यांदा बाद फेरीत पोचले. ब्रायंट पुढे कोलोरॅडोत दुखापतींनी बेजार झाला. म्हणजे कारभाऱ्यांचंच बरोबर होतं? आकडे तसं म्हणतात खरं.

पण सप्टेंबर २०२५मध्ये रिझो निवृत्त झाला, तेव्हा शेवटचा नमस्कार करायला तो आला रिग्ली फील्डवरच. अख्खं मैदान उभं राहिलं. चार वर्षांपूर्वी त्याला विकणं शहाणपणाचं होतं, असं म्हणणारेही त्यात होतेच की! दोन्ही गोष्टी एकाच छातीत मावतात.

चाहता हा कारभारी नसतो. सौदा आपण करत नाही, आपण फक्त वाद घालतो. तो खुशाल घालावा, तावातावाने घालावा. मात्र कारभाऱ्याने खरं काय ते सांगावं आणि हरणं विकत असेल तर तिकिटाचे दर चढवू नयेत, एवढं मागायचा हक्क चाहत्याला आहे. आणि ज्याला आपण तोंडाने सहज विकून टाकतो, त्याच्या घरी कुणीतरी आज रात्री सामान बांधायला बसणार आहे, एवढं आपणही ध्यानात ठेवायला हवं. मग संघ शिकागोचा असो, नाहीतर वानखेडेवरचा.